फौजदार काही गप बसेना

नोकरीच्या नव्या गावात नूतनचं पहिलं पाऊल उपकेंद्राच्या उंबऱ्यावर पडायचं होतं. ते पडलं दुधाच्या टेम्पोत!

यात तिची काही चूक नव्हती. विंझरच्या आरोग्य उपकेंद्राची डागडुजी चालली होती, म्हणून उपकेंद्र तात्पुरतं सगुणाबाईंच्या घरातल्या दोन भाड्याच्या खोल्यांत आलं होतं. एसटीतून उतरून, एका खांद्यावर पिशवी आणि हातात बीपीचं यंत्र अशी नूतन त्या अंगणात शिरली मात्र... भुरकट रंगाचं, कान ताठ केलेलं, वासराएवढं एक प्रकरण भुंकत थेट तिच्यावर धावून आलं. नूतन तशी धीराची मुलगी. अडलेली बाळंतपणं तिने हात न थरथरता केली होती. पण कुत्र्यापुढे तो धीर कामाला येईना. कोपऱ्यात टेम्पो उभा होता, त्यात ती कशी चढली ते तिलाच कळलं नाही. दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसून ती ओरडली,

"कुत्रं धरा! अहो, कुणी आहे का? कुत्रं धरा!"

शेजारच्या खोलीतून एक तरुण बाहेर आला. उंच, सावळा, खांद्यावर टॉवेल. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर साबणाचा फेस. त्याने टेम्पोत बसलेल्या मुलीकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

"खाली या की."

"आधी त्याला धरा."

"त्यो काय करत न्हाई वो. निस्ती चौकशी करतो. कोण, कुठली, कशाला आली."

"मग सांगा त्याला. नूतन कोकरे, कामथडीची. नर्स आहे, बदलीवर आलीय."

"ऐकलंस का, फौजदार? सरकारी माणूस हाय. सोड."

फौजदाराला बदलीचा हुकूम मान्य नव्हता. तो आणखी जोरात भुंकायला लागला. शेवटी त्या तरुणाने त्याच्या गळ्यातला पट्टा धरला आणि दुसरा हात नूतनपुढे केला.

"यंत्र द्या आधी. ते पडलं तर सरकार तुमाला सोडायचं न्हाई."

नूतनला हसू आलं. ती खाली उतरली, साडीचा घोळ सारखा केला आणि म्हणाली, "तुमची अर्धी दाढी राहिलीय."

"तुमी आलात म्हणून ऱ्हायली," तो म्हणाला. इतक्या साधेपणाने, की नूतन आपली खोलीचं कुलूप उघडायला वळली.

त्याचं नाव बाजी मरगळे. वरच्या वाड्यांवरून सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करून डेअरीत घालायचं, हा त्याचा धंदा. सोबत त्याचे वडील, गेनबा. गेनबांचं सगळं आयुष्य डोंगरावरच्या धनगरवस्तीत शेरडं आणि म्हशी राखण्यात गेलं होतं. गाडीवाट जिथं संपते तिथून वर बराच चढ होता. मागच्या पावसाळ्यात शेवाळावरून घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. बाजीची आई आधीच गेलेली. मग बाजीने जनावरं चुलत्याच्या दावणीला बांधली आणि बापाला खाली आणलं. फौजदाराला कुणी आणलं नव्हतं. तो आपला टेम्पोच्या मागे मागे पळत आला होता.

गेनबा दारातल्या खाटेवर पडून असायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी नूतनला हाक मारली.

"कुणातली गं पोरी तू? कोकऱ्यांची व्हय? म्हंजी आपलीच की. किती शेरडं हायत घरी?"

"एकही नाही, आबा. आमची जनावरं आजोबांबरोबरच संपली. आता हायवेच्या कडेला थोडी शेती आहे, तीही आईच बघते."

"संपली," गेनबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मंगळवारी गरोदर बायांची तपासणी असायची. आजूबाजूच्या वाड्यांमधून बायका चालत यायच्या, आणि त्यातल्या प्रत्येकीला फौजदाराच्या चौकशीला तोंड द्यावं लागायचं. एक आली की भुंकणं. ती बसली की दुसरी. मध्येच वेल्ह्याची एसटी. मग मोटारसायकल. मग मोटारसायकलवरची पिशवी... पिशवीत काय होतं ते माहीत नाही, पण फौजदाराला ती आवडली नव्हती. आत बायकांचे बीपी असे चढलेले, की कुणाला गोळी द्यावी आणि कुणाला नुसतं पाणी, हे नूतनला ठरवता येईना.

शिवानी पहिलटकरीण होती. आठवा महिना लागला होता. नूतनने बाळाचे ठोके ऐकायची नळी तिच्या पोटावर टेकवली, कान लावला, डोळे मिटले. कुठेतरी खोल, बारीक... लागले. आणि भो! पुन्हा नळी सरकवली, पुन्हा कान लावला. भो, भो! तिसऱ्यांदा तेच झालं. शिवानीचा चेहरा पांढरा पडला.

"सिस्टर... ठोके लागत न्हाईत का?"

"लागतात गं बाई. त्या कुत्र्याच्या आवाजात निसटतायत."

पण शिवानीच्या डोळ्यांना धार लागली ती लागलीच. अखेर ठोके मिळाले, अगदी छान मिळाले, तरी तिचं रडणं थांबेना. नूतनचं डोकं तापलं. ती तरातरा बाहेर आली. बाजी अंगणात कॅन धूत होता.

"तुमच्या कुत्र्यापायी एक पोरगी आत रडतेय! तिला वाटलं, बाळ गेलं. काहीतरी करा त्याचं. असं नाही चालणार!"

ओट्यावर सगुणाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. घराच्या मालकीणबाई. गेले कितीतरी दिवस त्या याच शब्दांची वाट बघत होत्या.

"आता सिस्टरच म्हणल्या, बरं का. म्या न्हाई. बाजी, दिवाळीपातूर सांगते. कुत्रं तरी जायाचं न्हाईतर तुमी तरी. दोन्ही हितं चालायचं न्हाई."

बाजीने नळ बंद केला, कॅन उपडा ठेवला. संध्याकाळी दूध घालून आल्यावर मात्र तो नूतनच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"तुमी बोललात ते खरंच हाय."

"मी एवढं नव्हतं म्हटलं हो. घर सोडा असं कुठं म्हटलं मी?"

"व्हय. पर फौजदार वर वस्तीला गेला की आबा बी जाणार. त्येंनी सांगून टाकलंय. आन आबांना त्या चढावर एकटं टाकून म्या हितं ऱ्हाणार न्हाई. टेम्पो चुलतभावाला देतो. आमी तिघं बी जातो."

"आणि परत?"

"परत कशाला यायाचं?"

नूतनला फार वाईट वाटलं. त्या म्हाताऱ्याचं वाटलं, कुत्र्याचं वाटलं. या वाईट वाटण्यात अर्धी दाढी केलेला एक सावळा गालही होता, हे तिला तेव्हाच कळलं असतं तर ही गोष्ट इथेच आटोपली असती. तिला वाटलं, आपण भांडण लावलं, आपणच निस्तरावं.

"प्रयत्न तर करून बघू," ती म्हणाली.

"फौजदारावर?"

"त्याच्यावर आणि तुमच्यावर. दोघांवर."

नूतनची हॉस्टेलातली मैत्रीण शेफाली भोरला जनावरांची डॉक्टर होती. तिला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तो भुंकला की तुम्ही काय करता?"

नूतनने सांगितलं. बाजी आतून 'ए, गप!' म्हणून ओरडतो. सगुणाबाई 'हाड, हाड!' करतात. येणारी माणसं 'कुत्रं धरा!' म्हणून बोंब मारतात. आणि आपणही...

शेफाली पोट धरून हसली. "म्हणजे तो एकटा भुंकतो आणि तुम्ही सगळे त्याला साथ देता! त्याला वाटत असेल, काय गुणी माणसं आहेत, माझ्याबरोबर घर राखतायत. अगं, आधी तुम्ही ओरडायचं थांबा. तो काहीतरी दाखवतोय ना? मग कुणीतरी उठून बघा. बघितलं, असं शांतपणे सांगा आणि त्याच्या जागेवर आणून बसवा. गप बसला की भाकरीचा तुकडा द्या. भुंकताना नाही, गप बसल्यावर. रस्ता त्याच्या नजरेआड करा. आणि त्याला दमवा. डोंगरातलं जनावर ते, अंगणात काय करणार दिवसभर?"

मग काम सुरू झालं. रस्त्याच्या बाजूच्या कुंपणाला बाजीने हिरवी जाळी लावली. ओट्याखाली गोणपाट अंथरून फौजदाराची जागा केली. आणि रोज सकाळी, बाजी दूध घालून आला की, उपकेंद्र उघडायच्या आधी दोघं फौजदाराला घेऊन कानंदी नदीच्या काठाने फिरायला जायला लागली.

भाताला लोंब्या फुटल्या होत्या. बांधावरून चालताना ओली पाती पोटऱ्यांना लागायची. परतीचा पाऊस रात्री येऊन जायचा आणि सकाळी नदीवर धुकं सोडून जायचा. बांध अरुंद, म्हणून पुढे फौजदार, मध्ये बाजी, मागे नूतन. बोलायचं तर बाजीला मान वळवावी लागायची, आणि तो ती जरा जास्तच वेळा वळवायचा.

"पुढं बघा. पडाल."

"न्हाई पडत. पायाला वाट ठावं हाय."

"बाजी, एक विचारू? तुम्ही मला हाक का नाही मारत कधी? सगळं गाव सिस्टर म्हणतं."

"गावानं म्हणावं."

"आणि तुम्ही?"

"म्या न्हाई म्हणणार."

"का बरं?"

बाजीचे कान लाल झाले. तो दोरी ओढत म्हणाला, "फौजदार, चल रं, उशीर हुतोय." फौजदार तर केव्हाचा पुढे गेला होता. मागे नूतन एकटीच हसत होती. त्या दिवशी उपकेंद्रात तिने एका आजोबांचं बीपी दोनदा घेतलं, आणि दोन्ही वेळा आकडा लिहायला विसरली.

बाजीला शिकवणं फौजदाराला शिकवण्यापेक्षा अवघड निघालं. मोटारसायकल गेली, फौजदार भुंकला, की बाजीच्या तोंडून सवयीने 'ए, गप!' निघायचंच.

"असं नाही. जवळ जा. रस्त्याकडं बघा. मग म्हणा, बघितलं रे."

"बघितलं रं!"

"दरडावून नाही. गोड म्हणा."

"आता गोड कसं म्हणायचं असतंय?"

"म्हणजे... आपल्या माणसाला म्हणाल तसं."

बाजीने मान वर केली. फौजदाराला सोडून त्याने सरळ नूतनकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बघितलं."

नूतनच्या हातात दोरीवरून काढलेली चादर होती. तिने ती घडी घातली, मोडली, परत घातली. "हं... असंच," ती म्हणाली आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

फौजदार सुधारत होता. दहा वेळा भुंकायचा तिथं चार वेळा भुंकून गोणपाटावर जाऊन बसायचा. येणाऱ्या बायकांनाही नूतनने बजावलं होतं, ओरडायचं नाही, सावकाश आत यायचं. सगुणाबाई ओट्यावरून सगळं बघत होत्या. आणि तरीही दुपारी, बाजी झोपलेला आणि नूतन घरभेटींना गेलेली असली, की फौजदार पहिल्यासारखाच गाव डोक्यावर घ्यायचा. सगुणाबाई संध्याकाळी मोठ्या समाधानाने ते सांगायच्या.

"सकाळी साधू, दुपारी पुन्हा फौजदार. बघा बाई, दिवाळी काय लांब न्हाई आता."

खरंच लांब नव्हती. बाजीने टेम्पोच्या कागदपत्रांसाठी चुलतभावाला बोलावून घेतलं होतं. त्याने ते नूतनला सांगितलं नाही, तिला सगुणाबाईंकडून कळलं. त्या दिवशी नूतनला जेवण गेलं नाही. तेव्हा मात्र तिने स्वतःशी कबूल केलं, की आपल्याला काळजी उपकेंद्राची नाही, फौजदाराचीही नाही. बाजी गेला तर ही नदी, हा बांध, ही सकाळ, सगळं इथेच राहील आणि आपल्याला त्यातलं काहीच नको होईल.

एका दुपारी पावसाची भुरभुर सुरू झाली म्हणून ती घरभेटी अर्ध्यावर सोडून परत आली. कुंपणापाशी पोचली आणि थबकली. जाळीच्या फटीतून अंगण दिसत होतं. फौजदार गोणपाटावर पडला होता. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. फौजदाराने डोकं उचललं, ऐकलं आणि डोकं परत खाली ठेवलं. भुंकला नाही! नूतन टाळी वाजवणारच होती, तेवढ्यात खाटेवरून गेनबा वाकले.

"का रं? गेला की त्यो. बोल की काईतरी."

फौजदार बुचकळ्यात पडल्यासारखा बघत राहिला.

"बोल म्हणतो ना. बोल!"

"भो!"

"हां! शाबास माझ्या गड्या." आणि उशीखालून चतकोर भाकरी निघाली, ती फौजदाराच्या तोंडात गेली. मग काय, फौजदाराने हौसेने सगळ्या विंझरला ऐकवलं. गेनबा हसत होते. नूतनने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

आधी तिला राग आला. इतक्या सकाळी, इतकी मेहनत, आणि घरातच ही फितुरी! ती फाटक ढकलून आत आली. गेनबांनी उरलेली भाकरी गोधडीत लपवली. फौजदाराने लगेच तिथंच नाक खुपसून ती कुठं आहे ते दाखवून दिलं.

"दिसलं व्हय तुला?" गेनबा म्हणाले.

"दिसलं, आबा."

"बाजीला सांगणार?"

नूतन खाटेच्या कडेला बसली. "का करता असं?"

गेनबांनी फौजदाराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वर व्हतो तवा जनावरं व्हती, बाजीची आई व्हती. ह्यो भुकला की म्या उठायचो. बिबट्या आसंल, परका माणूस आसंल, सुटल्यालं शेरडू आसंल. हितं राखायला काय हाय? पर ह्यो भुकला की घटकाभर वाटतं, अजून हाय काईतरी आपल्यामागं. ह्यो बी गप झाला तर पोरी, या खाटंवर म्या निस्तं पडून ऱ्हायाचं का?"

नूतनचा राग कुठल्या कुठे गेला. तिने त्यांचा हात हातात घेतला, बोटं सवयीने नाडीवर गेली, पण ती काही मोजत नव्हती.

"वर तो भुंकला की तुम्ही उठून काय करायचात?"

"बघायचो. आन म्हणायचो, बघितलं रं लेकरा, जा. मग जायाचा. तुमी दोघं आता त्येच म्हणताय की त्येला. पर त्येला माझ्या तोंडनं पायजे."

"मग म्हणा ना तुम्ही. उठा आणि म्हणा."

"खुबा हाय माझा."

"खुब्याला चालायलाच सांगितलंय. रोज कानीकपाळी ओरडते मी."

"तू व्यायाम सांगती. हात वर, पाय वर. म्या काय शाळंतलं पोरगं हाय?"

"राहिलं. व्यायाम नका करू," नूतन म्हणाली. "राखण करा. मंगळवारी माझ्याकडं बाया येतात, आबा. पोटातलं सांभाळत, वरून चालत येतात. त्यांना अंगणात कुणी घाबरवू नये, हे बघायला मला माणूस पाहिजे. मी आत असते. मला नाही बघता येत."

गेनबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "आन बाजीला काय सांगशील?"

"मी काय सांगणार? मी तर आत्ता आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार भुंकला. बाजी उठायला लागला, तर नूतनने त्याला खुणेने थांबवलं. खाटेवर खुडबुड झाली. गेनबांनी काठी टेकली, कण्हले, उभे राहिले आणि एक एक पाऊल टाकत फाटकापाशी गेले. ज्या मोटारसायकलसाठी ही पायपीट, ती एव्हाना वेल्ह्याला पोचली असेल. पण फौजदार थांबला होता. गेनबांनी रस्त्यावर इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"बघितलं रं लेकरा. जा."

फौजदाराने एक मोठा सुस्कारा टाकला आणि गोणपाटावर जाऊन पडला.

"आबा उठले," बाजी म्हणाला. "ऑपरेशनपासनं माझ्या हाताबिगर उठले न्हवते. तुमी काय केलं?"

"मी? मी काय केलं?"

बाजी टेम्पोच्या मागे गेला आणि धुतलेलेच कॅन परत धुवायला लागला. नूतनने तिकडे पाहिलं नाही. त्याला नको असेल, असं तिला वाटलं.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी सगुणाबाई सकाळपासून ओट्यावर ठाण मांडून बसल्या. आज निकाल होता. अंगणात बायका जमल्या. फाटकाजवळ खुर्चीवर गेनबा, डोक्याला धुवट पटका, हातात काठी, पायाशी फौजदार. एकेक बाई आली की फौजदार घशातल्या घशात गुरगुरायचा, गेनबा म्हणायचे, "बघितलं रं. आपलीच हाय," आणि बाईला म्हणायचे, "ये गं लेकी, आत बस."

आत नूतनने शिवानीच्या पोटावर नळी टेकवली. खोलीत शांतता होती. बाहेर भिंतीवरच्या चिमण्यासुद्धा ऐकू येत होत्या. आणि मग ठोके आले. स्पष्ट, भराभर, घाईत कुठेतरी निघाल्यासारखे. नूतनला इतका आनंद झाला, की तिने खणातून स्टेथोस्कोप काढला आणि जागा शोधून त्याच्या दोन्ही नळ्या शिवानीच्याच कानांत घातल्या. शिवानी ऐकत राहिली, आणि पुन्हा रडली. पण हे रडणं वेगळं होतं.

एवढी शांतता सगुणाबाईंना सोसवेना. त्यांनी उठून पितळी घागर मुद्दाम फरशीवर दाणकन आपटली. फौजदार ताडकन उठून भुंकला. गेनबाही उठले, ओट्यापर्यंत चालत गेले, नीट बघून घेतलं.

"बघितलं रं. सगुणाबाई हायत. त्येंचं आसंच आसतंय."

फौजदार गप झाला. अंगणातल्या सगळ्या बायका खो-खो हसल्या. सगुणाबाईंनी नाक उडवलं, घागर उचलली आणि आत जाता जाता म्हणाल्या, "ऱ्हावा मग. शिमग्याला बघू."

शिमग्याला त्या काही बघणार नव्हत्या, हे सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतन नेहमीसारखी निघाली. काम झालं होतं. आता रोज फिरायला यायचं तर कारण काय सांगायचं? भाताला पिवळी झाक आली होती. नदीच्या उतारावर बाजी थांबला.

"म्या काल आबांना म्हणलं, आता वर जायाचं न्हाई. तर आबा म्हणले, वर न्हाई जायाचं. पर कामथडीला जायाचं."

"कामथडीला? कशाला?"

"तुमच्या आईला भेटायला."

"त्यांना... त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. त्येंनीच मला सांगितलं. भाकरीचं." बाजीने नजर खाली केली. "फौजदाराला त्येच भुकवत व्हते म्हणून. म्हणले, त्या पोरीनं माझी लबाडी डोळ्यांनी बघितली आन तुला कळू दिली न्हाई. माझा मान ठेवला. आशी पोर घरात आली तर मला म्हातारपणाचं भ्या न्हाई."

धुक्यातून ऊन पाण्यावर उतरत होतं. नूतन म्हणाली, "हे आबांचं झालं. तुमचं काय?"

"माझं?" बाजीने दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझं लई दिसापासनं हाय. पर डोंगरावर निघाल्याल्या माणसानं कोणत्या तोंडानं बोलायचं? तुमची नोकरी हितं, आन म्या तिथं... म्हणून गप ऱ्हायलो. मला तुमी लई आवडता, नूतन."

त्याने तिला नावाने हाक मारली होती. नूतनने डोळे पुसले, आणि लपवले नाहीत.

"मी सगळ्यांना सांगत होते, पेशंटसाठी करतेय म्हणून. ते खोटं नव्हतं. पण रोज सकाळी उठले की पहिला विचार यायचा, दिवाळी जवळ आली. मला तुम्ही जायला नको होतात, बाजी. मला तुम्ही... कुठेच जायला नको आहात."

बाजीने हात पुढे केला. नूतनने तो धरला. दोरी दोघांच्या हातांत अडकली आणि फौजदार जागच्या जागी खोळंबून उभा राहिला.

"कधी येणार कामथडीला?"

"भाऊबीज झाली की. आबा म्हणले, टेम्पोतनं येतो, पुढं बसून."

"याला पण आणा."

"ह्याला? हायवेच्या कडंला घर तुमचं. इतक्या गाड्या. लई भुकंल वो त्यो. समदी आळी गोळा हुईल."

"होऊ दे गोळा," नूतन म्हणाली. "कोण आलंय ते सगळ्यांना कळायलाच पाहिजे. त्या दिवशी त्याला कुणी गप करायचं नाही."